नदीखालून बाजारात, आणि बोटींना सलाम : बाबांचं हॅम्बुर्ग

जर्मनीला जाऊन आले म्हटल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की बर्लिन, म्युनिक सोडून तू हॅम्बुर्गवर का बोलणार आहेस? कारण घरचं आहे.

माझे बाबा बोटीवर होते. आम्ही मूळ गुहागरकडचे, आणि आमच्याकडे 'बोटीवर' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. १९७९ ते १९९६ ते खलाशी म्हणून फिरले. सुट्टीवर आले की हॅम्बुर्गच्या दोन गोष्टी हमखास सांगायचे. एक, आम्ही नदीच्या खालून चालत बाजारात गेलो. दुसरी, तिथं नदीकाठी एक हॉटेल आहे, आपली बोट दिसली की ते 'जन गण मन' लावतात. पहिली गोष्ट लोक ऐकून घ्यायचे. दुसरीला काका म्हणायचे, "दादा, फेकायला पण काही मर्यादा असते." बाबा वाद घालायचे नाहीत. चहा प्यायचे आणि विषय बदलायचे. चार वर्षांपूर्वी ते गेले. गेल्या जूनमध्ये ऑफिसच्या कामाने मला हॅम्बुर्गला जायला मिळालं, तेव्हा मी जोडून तीन दिवस सुट्टी टाकली.

एल्बफिलहार्मोनी, म्हणजे जुन्या गोदामावर काचेची लाट उभी केल्यासारखं ते संगीतगृह, ते मी पाहिलं. छानच आहे. नेटवर त्याचे हजार फोटो आहेत, त्यामुळे पुढे जाऊया.

बोगदा. लांडुंग्सब्र्युकन म्हणजे तिथला बोटींचा धक्का. तिथंच घुमटाची एक दगडी इमारत आहे. बाहेरून स्नानगृह वगैरे वाटते. आत गेलं की एक भलामोठा गोल खड्डा, आणि त्यात खाली जाणाऱ्या लिफ्ट. साध्यासुध्या नव्हेत बरं का, गाडी घोड्यासकट मावेल एवढ्या! कारण हा बोगदा १९११ साली उघडला तेव्हा घोडागाड्याच खाली उतरवायच्या होत्या. पाण्याच्या पातळीखाली साधारण २४ मीटर, लांबी ४२६ मीटर. एल्ब नदीच्या पलीकडे जहाजबांधणीचे कारखाने होते, हजारो कामगारांना रोज तिकडे जायचं असायचं, आणि हिवाळ्यात बर्फ झाला की फेरीबोटींचे हाल. म्हणून हा खटाटोप. पायी जायला पैसे लागत नाहीत, आजही.

खोदताना नदी आत घुसू नये म्हणून दाबाखालची हवा भरून काम चालायचं. अशा हवेत राबून माणूस नीट वेळ न घेता बाहेर आला, की रक्तात बुडबुडे होतात. पाणबुड्यांना होतो तोच आजार. शेकडो कामगार आजारी पडले, काही दगावले. आणि आता तिथं पांढऱ्या टाइल्स, शांतता, सायकलच्या घंटा. भिंतीवर मधेमधे चिनीमातीची उठावाची चित्रं आहेत. मासे, खेकडे इथपर्यंत ठीक, पण एका ठिकाणी चक्क जुना बूट आणि उंदीर! नदीत जे सापडतं ते सगळं, कचऱ्यासकट. मला हे फार आवडलं. आपल्याकडे कोणी मुळा-मुठेची अशी प्रामाणिक चित्रं लावेल का, असो.

बाबांची बोट पलीकडे ड्राय डॉकला होती, तेव्हा ते ह्या बोगद्यातून शहरात यायचे. बाजारातून आईसाठी लोकर आणली होती. तो स्वेटर कोकणात कुणी कधी घातला नाही, हा भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी डुकडाल्बनला गेले. हा खलाशांचा क्लब, १९८६ पासून कंटेनर टर्मिनलच्या मधोमध. पर्यटकांसाठी नाही, मी आधी विचारून गेले. बोट लागली की क्लबची गाडी जाऊन मुलांना घेऊन येते. कारण हल्ली बोट काही तासच थांबते, शहरात जायला वेळच नसतो. आत बिलियर्ड्स, वायफाय, छोटं दुकान. आणि वरती एक शांत खोली. एकाच खोलीत वेगवेगळ्या धर्मांचे कोपरे. मी आपल्या देवांसमोर उभी होते तर मागून आवाज आला, "ताई, मराठी का?" माझ्या पिशवीवर पुण्याच्या दुकानाचं नाव होतं!

मुलगा दापोलीचा, पंचविशीचा, इंजिनवर काम करणारा. गुहागर म्हटल्यावर म्हणाला, "मग आमच्याच की तुम्ही." आईशी व्हिडिओ कॉल करायला आला होता. मी त्याला बाबांची गोष्ट सांगितली. तो हसला. "ताई, तिसऱ्यांदा आलोय हॅम्बुर्गला. कसलं गाणं? मी तर खाली असतो." त्याची बोट दुसऱ्या दिवशी दुपारी सुटणार होती. मी म्हटलं, बघते मी.

आता बाबांची दुसरी गोष्ट. एस-बान लोकलने शेवटच्या स्टेशनला, व्हेडेलला उतरायचं. नदीकाठी हॉटेल आहे आणि त्याला लागून विलकोम-ह्योफ्ट. १९५२ सालापासून दिवसा येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या बोटींना इथून सलाम करतात. म्हणजे हॅम्बुर्गचा झेंडा खाली घेऊन पुन्हा चढवायचा, आणि लाउडस्पीकरवर त्या बोटीचं राष्ट्रगीत लावायचं. दीडशेच्या आसपास राष्ट्रगीतं तयार असतात. बाबा फेकत नव्हते.

आणि गंमत बघा, 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून वाद्यवृंदावर पहिल्यांदा वाजलं तेही हॅम्बुर्गलाच, ११ सप्टेंबर १९४२ ला, नेताजींच्या उपस्थितीत. हिटलरचा काळ, त्यामुळे ही आठवण सरळ अभिमानाची नाही. पण आहे.

मी चार तास बसले. खरं सांगू, आता हा प्रकार बराचसा पर्यटकांचा झालाय. लोक मासे-बटाटे खात असतात, बोट आली की मोबाइल वर. आणि राष्ट्रगीत वाजतं ते बोटीच्या झेंड्याचं. बोट कुणाच्याही मालकीची असो, कर आणि नियमांच्या सोयीसाठी नोंदणी लायबेरिया, पनामा, नाहीतर मार्शल बेटांची. बाबांच्या काळात भारतीय कंपनीच्या बोटीवर भारताचा झेंडा असायचा. चार तासांत लायबेरिया तीनदा वाजलं. आपलं एकदाही नाही.

साडेचारला त्याची बोट आली. नाव मी लिहून घेतलं होतं. एखादी सोसायटी सरकत चाललीय असं वाटत होतं. निरोपाचं जर्मन गाणं लागलं, मग पुन्हा लायबेरिया. डेकवर एकच माणूस दिसला, त्याने हात केला. तो हा नव्हता, हा खाली इंजिनात. पण मीही हात केला, आणि सगळं रेकॉर्ड करून त्याला पाठवलं. एकच टिक.

सहा दिवसांनी पुण्यात दळण आणायला निघाले होते तेव्हा मेसेज आला. "ताई, ही आमची बोट? बाहेरून कधी बघितलीच नव्हती."

व्हिडिओ काकांनाही पाठवला. त्यांनी फोनच केला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "आपलं गाणं असतं ना पण त्यांच्याकडे?"

"असतं, काका."