मी पाहिलेले विज्ञानाचे आणि थराराचे सिनेमे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मागच्या बैठकीत चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही सिनेमे फार पाहता, त्यावरच दहा मिनिटे बोला." मी म्हटले, फार कुठले? दुपारची भांडी आवरली आणि डोळा लागला नाही, तर पाहते इतकेच. पण तोवर त्यांनी माझे नाव लिहूनही टाकले होते. तेव्हा सातवी शिकलेल्या बाईने इंग्रजी सिनेमांवर बोलावे याचे कोणाला हसू आले, तर खुशाल हसून घ्यावे. मी ते हिंदी बोलीत पाहते, आणि अडेल तेथे आमची धाकटी समजावून सांगते. ती अकरावीत आहे.

विज्ञानाचे सिनेमे म्हणजे नुसती यंत्रे आणि धूर, असे मला वाटे. पण २०१५ सालचा 'द मार्शियन' पाहिला आणि मत बदलले. त्यात एक गडी मंगळावर एकटाच मागे राहतो. पुढचे यान येईपर्यंत अन्न पुरायचे नाही, म्हणून तो तंबूत माती पसरून, मैलाचे खत घालून बटाटे लावतो आणि मोजून मोजून खातो. महिनाअखेरीस डबे हलवून पाहणाऱ्या बाईला यात परके काय आहे? पुढे तोंडी लावायला काही उरत नाही, तेव्हा तो दुखण्यावरच्या गोळीची पूड बटाट्याला लावून खातो. मला वाईट वाटले. एवढ्या मोठ्या यानातून कोणी मीठमिरचीची पुरचुंडी जास्तीची नेऊ नये?

'इंटरस्टेलर' हा २०१४ सालचा. त्यात बाप मुलांना ठेवून दूरच्या ग्रहांवर जातो. एका ग्रहावर एक तास गेला की पृथ्वीवर सात वर्षे जातात. तेथून तो परत यानात येतो तो तेवीस वर्षे सरलेली, आणि मग तो मुलांचे साठलेले निरोप एकापाठोपाठ एक पाहत बसतो. मुले त्याच्या डोळ्यांसमोर थोराड होतात. फार जड वस्तूच्या जवळ काळ खरोखरच सावकाश चालतो, असे धाकटी म्हणाली. सिनेमाला सल्ला देणारे शास्त्रज्ञ किप थोर्न यांना २०१७ साली नोबेल पारितोषिकही मिळाले म्हणे. मला मात्र तेथे माझे वडील दिसले. ते आखातात नोकरीला होते. तेव्हा घरी फोन नव्हता, म्हणून ते कॅसेटवर बोलून येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवीत. त्यात मला विचारीत, "दात पडले का ग?" ती कॅसेट हाती पडेपर्यंत नवे दात आलेले असत. दोन वर्षांनी ते स्वतः आले, की मी आईच्या पदराआड लपे. सिनेमाच्या शेवटी तो बाप पुस्तकांच्या मांडणीमागे जाऊन अडकतो, ते काही मला कळले नाही. धाकटीलाही कळले असे वाटत नाही.

'अ क्वाएट प्लेस' (२०१८) यात आवाज झाला की झडप घालणारे प्राणी येतात, म्हणून घरातील माणसे अनवाणी वाळूवरून चालतात, खुणांनी बोलतात. सगळे श्वास रोखून पाहत होते, आणि मला हसू येत होते. आमच्या ह्यांची रात्रपाळी, चाळीत एकच खोली, पाळण्यात थोरला. सकाळी आठ ते दुपारी तीन मी हेच केले आहे! कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून भात पातेल्यात शिजवायचा, मूल कुरकुरले की उचलून गॅलरीत पळायचे. फक्त त्या सिनेमातल्या बाईला आवाज न करता बाळंत व्हावे लागते, तेथे माझे हसू थांबले.

आता 'दृश्यम'विषयी. मुळात तो २०१३ सालचा मल्याळम सिनेमा. २०१५ साली निशिकांत कामत यांनी हिंदीत केला, गोव्यात. चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर, सिनेमे पाहून पाहून शहाणा झालेला. सातवी पास असल्यामुळे मी त्याच्यापेक्षा वरची, असे हे मला चिडवतात. त्याच्या मुलीचे एक पोरगा स्नानाच्या वेळी चोरून मोबाइलवर चित्रण करतो आणि ते दाखवून धमकावतो. बापाला कळते तेव्हा तो पोरगा मेलेला असतो. पुढे बाप सगळ्या घरादाराला दोन ऑक्टोबरची गोष्ट अशी पढवतो, की पोलीस हरतात.

सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बाप जिंकावा असेच वाटत होते. परंतु मेलेल्या मुलाची आई, जिचे काम तब्बूने केले आहे, ती पोलिसातील मोठी अधिकारी असते, आणि शेवटी मुलाचे आईबाप येऊन एवढेच विचारतात, की आमचा मुलगा आहे की नाही? तेथे मला टाळी वाजवता आली नाही.

त्या रात्री धाकटी जेवली नाही. पोट दुखते म्हणाली. मी दिवा मालवून तिच्याजवळ बसले, तेव्हा तिने सांगितले. सहलीत धबधब्यापाशी भिजलेली असताना वर्गातील एका मुलाने चोरून फोटो काढला होता आणि तो सर्वांना पाठवतो म्हणून महिनाभर तिला धाक घालीत होता. भगिनींनो, माझ्या तोंडी पहिले वाक्य आले होते, "तू पाण्यात गेलीसच कशाला?" ते मी गिळले. नुकतेच पाहिले होते ना, सिनेमातली आई त्या पोराच्या विनवण्या करते आणि उपयोग काडीचा होत नाही! मी ह्यांना उठवले. रात्री एक वाजता.

सकाळी तिघे पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या गृहस्थांनी विचारले, मुलीच्या हाती मोबाइल देताच कशाला? मी म्हटले, फोटो हिच्या मोबाइलवर नाही, त्याच्या मोबाइलवर आहे. मग आतल्या महिला अधिकाऱ्यांनी आम्हांला बसवून घेतले. स्त्रीचे असे खाजगी चित्रण चोरून करणे हा २०१३ सालापासून वेगळा गुन्हा आहे, आणि सायबर तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, हे मला त्यांनीच सांगितले. आपल्या सूचनाफलकावर तो लिहावा, असे मी सुचवते. मुलाला आईबापांसह बोलावले, फोटो काढून टाकायला लावला, लेखी घेतले. त्याची आई माझ्यासमोरच्या बाकावर पदर तोंडाला लावून रडत होती. मला तिचा राग येईना. मी तिला पाण्याची बाटली दिली.

हे सारे धाकटीला विचारूनच सांगत आहे. ती मागच्या रांगेत बसली आहे, आणि मी किप थोर्नचे नाव बरोबर घेतले की नाही, एवढीच तिला काळजी. 'दृश्यम'चा दुसरा भाग २०२२ साली आला, तो आम्ही अजून पाहिलेला नाही. परीक्षा झाल्यावर पाहायचे ठरले आहे.