बी अम्मा

आई म्हटलं की आपल्याकडे कवितेला ऊत येतो. मीही कवी आहे, तेव्हा हा आरोप माझ्यावरही आहे. आई थोर, आई देवाचं रूप, आई सोसणारी. पण त्या आईचं नाव काय, तिनं नेमकं काय केलं, असं कुणी विचारलं तर आपण गप्प होतो. म्हणून आज मी एका आईबद्दल आणि आजीबद्दल बोलणार आहे. तिचं नाव आबादी बानो बेगम. सारा हिंदुस्थान तिला 'बी अम्मा' म्हणत असे. मौलाना शौकत अली आणि मौलाना मोहम्मद अली या अली बंधूंची ती आई.

बी अम्मांचा जन्म 1850 च्या सुमाराचा. सत्तावन्नचं बंड त्यांच्या लहानपणी झालं. लग्न होऊन त्या उत्तर प्रदेशातल्या रामपूर संस्थानात आल्या. धाकटा मोहम्मद अली 1878 च्या डिसेंबरात जन्मला आणि तो दोन वर्षांचा होण्याआधीच त्यांचे पती वारले. पदरात लहान मुलं, वय तिशीच्या आसपास. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. स्वतः त्या कधी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. पण मुलांनी इंग्रजी शिकायचं, हे त्यांनी ठरवलं.

त्या काळी घरंदाज मुसलमान कुटुंबात इंग्रजी शिक्षण म्हणजे धर्म बुडाला, अशी समजूत होती. इस्टेटीचा कारभार दिरांच्या हाती. एक मुलगा इंग्रजी शिकून बिघडला तेवढा पुरे, दुसऱ्यासाठी पैसा मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. बी अम्मांनी वाद घातला नाही. घरातल्या बाईच्या हाती गुपचूप दागिने पाठवले, गहाण ठेवले आणि मुलाला बरेलीच्या शाळेत धाडलं. दिरांना हे कळलं तेव्हा त्यांनीच ते दागिने सोडवून आणले आणि पुढचा खर्च इस्टेटीतून चालू केला. ही हकिकत मोहम्मद अलींनी तुरुंगात लिहिलेल्या आपल्या आठवणींत सांगितली आहे. बरेलीहून मुलं अलीगढला गेली. पुढे मोहम्मद अली तर थेट ऑक्सफर्डला पोचले.

श्रोतेहो, इथं मला माझी अम्मी आठवते. माझ्या परीक्षेच्या फीच्या दिवसांत तिच्या हातात काचेच्या बांगड्या दिसायच्या. सोन्याच्या कुठं गेल्या, हे आम्ही विचारत नसू आणि ती सांगत नसे. मी बीए झालो तो त्या बांगड्यांवर. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशी एक पाटली, एखादं मंगळसूत्र, एखादी पुतळ्यांची माळ सावकाराच्या तिजोरीत जाऊन आली असेल. आपल्या देशातलं निम्मं शिक्षण सरकारी तिजोरीनं केलं असेल, तर निम्मं बायांच्या दागिन्यांनी केलं आहे.

बी अम्मांची गोष्ट दागिन्यांपाशी संपत नाही. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, सरकारनं अली बंधूंना नजरकैदेत टाकलं. अखेर त्यांना छिंदवाड्याला ठेवलं. नागपूरहून फार दूर नसलेलं हे गाव तेव्हा मध्य प्रांतात होतं. सत्तरीकडे झुकलेली आई मुलांबरोबर तिथं राहिली. सरकारचा माणूस सुटकेच्या अटींचा कागद घेऊन आला, तेव्हाची गोष्ट सांगतात. पडद्याआडून बी अम्मा बोलल्या. माझ्या मुलांनी अशा कागदावर सही केली, तर त्यांचा गळा दाबण्याचं बळ अल्ला या म्हाताऱ्या हातांना देईल, अशा अर्थाचे त्यांचे शब्द होते. ऐकताना अंगावर काटा येतो. मुलं घरी यावीत असं कोणत्या आईला वाटत नाही? पण वाकून घरी आलेला मुलगा त्यांना नको होता.

1917 च्या डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोघांची अधिवेशनं भरली. लीगनं मोहम्मद अलींना अध्यक्ष निवडलं होतं, पण अध्यक्ष नजरकैदेत. बी अम्मा गेल्या आणि बुरख्यातून बोलल्या. इतक्या मोठ्या सभेत पडदानशीन बाईनं बोलावं, हे तेव्हा नवलच होतं. काँग्रेसमध्ये अली बंधूंच्या सुटकेसाठी लोकमान्य टिळक बोलले. स्वतः मंडालेची सहा वर्षं भोगून आलेला माणूस तो. त्या आईचं दुःख त्यांना समजावून सांगावं लागलं नसेल.

1919 च्या अखेरीस मुलं सुटली. 1921 मध्ये कराचीच्या खटल्यात त्यांना पुन्हा दोन वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा बी अम्मा गावोगाव फिरल्या. खिलाफतीसाठी, स्वराज्यासाठी, खादीसाठी पैसा गोळा केला. पंजाबातल्या एका सभेत त्यांनी चेहऱ्यावरचा बुरखा वर केला. समोर बसलेली सारी माझीच मुलं, मुलांपुढं पडदा कसला, हे त्यांचं म्हणणं. जन्मभराचा रिवाज त्यांनी मोडला, तोही आईपणाच्या आधारानं. त्यांच्या नावाचं एक गाणं उत्तरेत घरोघर गायलं जाई.

पण गाण्यातली आई आणि घरातली आजी यांत अंतर असतं. मुलगा तुरुंगात आणि त्याची तरुण मुलगी, बी अम्मांची नात, क्षयानं खंगत होती. मोहम्मद अलींनी कोठडीतून तिच्यावर कविता लिहिली. कवितेनं ताप उतरत नाही. बाप सुटून आला, पण 1924 साली ती गेली. त्याच वर्षी तुर्कस्ताननं खिलाफत रद्द केली. ज्या गोष्टीसाठी मुलं तुरुंगात गेली, तीच उरली नाही. देशात हिंदू-मुसलमानांचे दंगे पेटले. सप्टेंबरात गांधीजींनी ऐक्यासाठी एकवीस दिवसांचा उपवास आरंभला, तो दिल्लीत मोहम्मद अलींच्याच घरी. उपवासाच्या शेवटी मोहम्मद अलींनी खाटकाकडून गाय सोडवून गांधीजींना भेट दिली. त्यानंतर काही आठवड्यांतच, 13 नोव्हेंबर 1924 ला, बी अम्मा गेल्या. गांधीजींनी 'यंग इंडिया'त त्यांच्यावर लिहिलं.

खिलाफतीचं राजकारण बरोबर होतं की चूक, यावर इतिहासकार आजही भांडतात. त्यांना भांडू द्या. मला एवढंच दिसतं, की शाळा न पाहिलेल्या एका विधवेनं मुलांना शिकवलं, मोठं केलं आणि मग देशासाठी सोडून दिलं. सोडून देणं हे वाढवण्यापेक्षा कठीण.

मुंबईला भायखळ्याच्या खिलाफत हाऊसवरून अनेकजण रोज जातात. शौकत अलींचं नाव त्या वास्तूशी जोडलेलं आहे. त्या रस्त्यानं कधी गेलात तर मुलाबरोबर आईचंही नाव घ्या. आणि घरी जुनी माणसं असतील, तर आजीच्या कोणत्या दागिन्यावर कोण शिकलं, एवढं त्यांना विचारून ठेवा. हा इतिहास कुठल्याच पुस्तकात छापलेला नसतो, आणि सांगणारी माणसं थोडी उरली आहेत.