मिनिटभर मोजलेला श्वास



 परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली याच गावात, नाशिकमध्ये, स्थापन झालं. तेव्हा नर्सिंगच्या परीक्षेविषयी बोलायला आपण योग्य ठिकाणी जमलो आहोत.

मी इनचार्ज असताना एका सकाळी सर्जिकल वॉर्डात टीपीआरचे, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचे, चार्ट बघत होते. एकेक चार्ट उलटला. सगळीकडे श्वास २०. एकाच चार्टवर दुसऱ्या वर्षाच्या मुलीने ३२ लिहिलेले. विचारलं, "नीट मोजलास ना?" म्हणाली, "हो सिस्टर, पूर्ण एक मिनिट. आणि आजी बोलताना मध्येच थांबतायत, रात्री थांबत नव्हत्या." ताप नव्हता, बीपीही ठीक होतं. तरी डॉक्टरांना बोलावलं. ऑपरेशननंतर फुप्फुसात गुठळी अडकली होती. आजी चालत घरी गेल्या.

पुढे व्हायवात त्या मुलीला प्रश्न आला: प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला किती? तिने सांगितलं, १२ ते २०. न मोजता २० लिहिणाऱ्यांनीही तेच सांगितलं. गुण सगळ्यांना सारखेच पडले. ते मला आजही सलतं.

पाठांतराला मी नावं ठेवत नाही. १२ ते २० पाठच नसेल, तर ३२ बघून दचकणार कोण? पण पुढचं विचारायला हवं: तुला काय दिसलं, त्यातलं काळजीचं कोणतं, आधी काय करशील, कोणाला कळवशील? डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्येच टेबलाटेबलावर प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची ऑस्की परीक्षा मांडली. अमेरिकेच्या नर्सिंग परवान्याच्या एनक्लेक्स परीक्षेतही एप्रिल २०२३ पासून रुग्णाची हकीकत टप्प्याटप्प्याने उलगडत नेऊन निर्णय विचारतात. परदेशी जाण्यासाठी आपल्या मुली तिची तयारी करतात. मग इथल्या रुग्णासाठी ती तयारी का नको?

खाटेपाशी परीक्षा घ्यायला वेळ लागतो, परीक्षकही जास्त लागतात. ही अडचण खरी आहे, तिच्यावर मोकळेपणाने बोला. माझी विनंती एवढीच: श्वास मोजणारी कोण आणि नुसता लिहिणारी कोण, हे ओळखता येईल असा एक तरी प्रश्न चर्चेच्या प्रत्येक गटाने उद्या संध्याकाळपर्यंत तयार करून द्यावा.