लिहून ठेवणारा हात
(जबलपूर येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 विषय कोणता घ्यावा असे मी कार्यवाहांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “आपल्याला रुचेल तो घ्या, फक्त मंडळाचा इतिहास नको, तो अहवालात येणारच आहे.” म्हणून अहवालात ज्याला जागा मिळत नाही अशा एका गोष्टीविषयी मी बोलणार आहे. आपल्या रोजच्या संसारात, नोकरीचाकरी सांभाळून, आपण जे थोडेफार रचतो, लिहितो, टिपतो आणि चार स्नेह्यांना दाखवतो, त्या लहानशा निर्मितीविषयी.

निर्मिती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे थोर कवी उभा राहतो, आणि आपण नकळत हात जोडून बाजूला सरतो. वास्तविक मराठी कवितेचा फार मोठा भाग ज्यांनी निर्माण केला त्यांनी स्वतःला कधी कवी म्हणवून घेतले नाही. पहाटे जात्याशी बसलेल्या बायकांनी दळता दळता ओव्या रचल्या. त्यांत माहेर आणले, भाऊ आणला, सासुरवास आणला, पंढरीचा विठोबा आणला. साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. पुढच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख ओव्या! आणि रचणाऱ्या प्रत्येकीची समजूत अशी, की आपण फक्त दळण दळत होतो.

या संदर्भात एक घरगुती गोष्ट सांगतो. सांगताना मला आजही अवघडल्यासारखे होते. माझी आई माझ्याबरोबर येथे जबलपूरला येऊन राहिली, तेव्हा तिचे जाते गावीच राहिले होते. पण ओव्या तिच्याबरोबर आल्या होत्या. तांदूळ निवडताना, वाती वळताना ती त्या गुणगुणत असे. काही तिच्या आईच्या होत्या, काही तिच्या स्वतःच्या. “आई, एकदा बसून सगळ्या लिहून घेऊ,” असे मी दर दिवाळीला म्हणत असे, आणि दर दिवाळी तशीच निघून जाई. अखेर तिनेच माझ्या मुलाची एक अर्धी कोरी वही घेतली आणि मोडक्यातोडक्या अक्षरांत लिहिण्यास आरंभ केला. पुढे आम्ही घर बदलले. सामानाची बांधाबांध करताना जुन्या वह्या आणि वर्तमानपत्रे मी रद्दीवाल्याला दिली, त्यांत ती वहीही गेली. आईच्या ध्यानात आले तेव्हा ती इतकेच म्हणाली, “असू दे, पाठच आहेत मला.” पण त्या तिला पाठ होत्या, मला नव्हत्या. आज ती नाही, आणि तिच्या शेदीडशे ओव्यांपैकी माझ्यापाशी चार उरल्या आहेत. त्यांतली एक अर्धी आहे.

ही चूक सर्वस्वी माझी होती, आणि तिचे मोल मला कळले ते बहिणाबाईंची हकीकत नव्याने वाचताना. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म १८८० चा. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि चुलीपाशी काम करता करता त्या आपल्या बोलीत गाणी रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त यांनी ती वेळोवेळी कागदावर उतरून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखविले, अत्र्यांनी ती गाणी प्रकाशात आणण्याचा ध्यास घेतला, आणि १९५२ साली संग्रह निघाला. पुढचे आपण सारे जाणतो. मला येथे लक्ष वेधावयाचे आहे ते मधल्या दुव्याकडे. प्रतिभा बहिणाबाईंची होती यात शंका नाही. परंतु कोणी ती लिहून घेतली नसती, आणि त्या कागदांचे मोल जाणणारा कोणी भेटला नसता, तर ती गाणी माझ्या आईच्या ओव्यांच्याच वाटेने गेली असती.

मित्रहो, मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. रचणारा एकटा असतो. पण रचलेले टिकते ते ऐकणाऱ्यामुळे आणि लिहून ठेवणाऱ्यामुळे. या दोन कामांना प्रतिभा लागत नाही, स्नेह लागतो. म्हणूनच ती आपणा प्रत्येकाला करता येण्यासारखी आहेत.

मोठ्या कवींचेही याहून वेगळे नव्हते. आपल्या मध्य भारताला ज्यांचा अभिमान वाटावा ते भा. रा. तांबे पाहा. देवास, ग्वाल्हेर अशा संस्थानी गावांत, पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळापासून दूर राहून त्यांनी कविता लिहिली. त्यांचा पहिला संग्रह १९२० साली निघाला तो वा. गो. मायदेवांच्या खटपटीने, आणि १९३५ साली त्यांची समग्र कविता संपादिली ती माधव ज्यूलियनांनी. हे दोघेही स्वतः कवी. आपली कविता बाजूला ठेवून दुसऱ्याच्या कवितेची जुळवाजुळव करीत बसणे यास मनाचा मोठेपणा लागतो. याच माधव ज्यूलियनांनी यशवंत, गिरीश, श्री. बा. आणि मनोरमा रानडे प्रभृती मित्रांसह १९२३ च्या सुमारास पुण्यात रविकिरण मंडळ चालविले. रविवारी जमावे, चहा घ्यावा, एकमेकांच्या कविता ऐकाव्यात, हा त्यांचा परिपाठ. त्यांच्या कवितेविषयी समीक्षकांचे मतभेद असतील. पण ऐकणारा मित्र समोर असला की लिहिण्याला किती बळ येते, याचा तो उत्तम दाखला आहे.

दुसरा दाखला धारवाडचा. घरी मराठी बोलणारे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले आणि १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. त्यांनीही १९२२ साली मित्रांचा एक मेळावा जमविला होता. त्याचे नावच ‘गेळेयर गुंपु’, म्हणजे मित्रांचा गट. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी बेंद्र्यांकडून आणखी एक गोष्ट घ्यावी: शेजाऱ्याच्या भाषेशी मैत्री केल्याने आपली भाषा उणी होत नाही. येथे तर आपली लिपीही हिंदीशी मिळतीजुळती. आपल्या मुलांना मराठी वाचण्यासाठी नवी अक्षरे शिकावी लागत नाहीत. एका ‘ळ’पाशी काय ती जीभ अडखळते. ‘बाळ’चे ‘बाल’ झाले तरी रागावू नका. मूल वाचते आहे, हे महत्त्वाचे.

आता आपल्या मंडळाकडे वळतो. इतिहास म्हणून नव्हे, आठवण म्हणून. आरंभीच्या वर्षांत गणेशोत्सवाला आपण एक हस्तलिखित काढीत असू. प्रत एकच, सुवाच्य अक्षर असलेल्या एका भगिनीने लिहिलेली. ती घरोघर फिरे आणि दोन महिन्यांनी हळदीचे बोट, चहाचा डाग आणि समासात पेन्सिलीने लिहिलेले अभिप्राय घेऊन परत येई. त्यातले लेखन काही फार थोर नव्हते. तोफगाडी कारखान्यात काम करणारा गृहस्थ पावसावर चार कडवी लिही, रेल्वेतला कोणी प्रवासवर्णन लिही, कोणी गृहिणी नर्मदेच्या घाटावर भेटलेल्या परकम्मावासी बाईची कथा सांगे. परंतु पुढच्या अंकासाठी काही सुचले पाहिजे म्हणून ही माणसे वर्षभर जरा अधिक डोळे उघडे ठेवून वावरत. लेखनाची खरी कमाई ती. छापील पान नाही लाभले, तरी पाऊस नीट पाहिला गेला.

पाहण्याची गोष्ट निघाली म्हणजे छायाचित्राची गोष्ट ओघाने येतेच. ही कलाही आपल्याकडे प्रारंभापासून हौशी माणसांनी वाढविली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली, आणि तिच्यात वावरणारे भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे व्यवसायाने वैद्य होते. आपल्या मंडळातही असे एक स्नेही होते. त्यांच्याजवळ आग्फा क्लिक थ्री नावाचा, बडोद्याला तयार झालेला साधा कॅमेरा होता. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या घरी तो असेल. एका रोलमध्ये बारा चित्रे. फार जवळ जावे तर चित्र धूसर येई. प्रकाशासाठी ऊन आणि ढग अशा खुणा. बाराच संधी असल्यामुळे ते एकेक चित्र घेण्यापूर्वी बराच वेळ पाहात उभे राहत, आणि आम्ही कुरकुरत असू, “अहो, दाबा आता लवकर!”

एका वर्षी कोजागरीला आम्ही सारे भेडाघाटला गेलो होतो. रात्री चांदण्यात संगमरवरी कड्यांमधून होड्या फिरल्या, गाणी झाली, आटीव दूध झाले. चांदण्याचे चित्र त्या कॅमेऱ्याच्या आवाक्यात नव्हते. म्हणून सकाळी, धुवाँधारकडे जाणाऱ्या वाटेवर, त्यांनी सर्वांना ओळीने उभे केले. छायाचित्र घेणाऱ्याने ऊन आपल्या पाठीशी ठेवावे, हा त्या काळचा धडा. त्यांनी तो पाळला, आणि सकाळचे ऊन तिरपे असल्यामुळे त्यांची सावली लांबत आमच्या पायांपाशी आली. ते चित्र आज बाहेरच्या दालनात लावले आहे, अवश्य पाहा.

हे स्नेही आता नाहीत. या महोत्सवासाठी जुनी छायाचित्रे गोळा करू लागलो, तेव्हा त्यांच्या पत्नींनी पत्र्याचा एक डबा आणून दिला. आत प्रत्येक रोलच्या निगेटिव्ह पातळ कागदात गुंडाळून ठेवलेल्या, आणि कागदावर पेन्सिलीने लिहिलेले: तारीख, ठिकाण, आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव. कडेवरच्या मुलांचीसुद्धा. आपल्यापैकी अनेकांना आपल्या दिवंगत आईवडिलांची तरुणपणची रूपे या डब्यामुळे लाभली. इतर घरांतून आलेल्या कितीतरी चित्रांमागे काहीही लिहिलेले नव्हते, “या नऊवारीतल्या बाई कोण?” असे आम्ही एकमेकांना विचारीत राहिलो आणि कोणालाच सांगता आले नाही. चेहरा राहिला, माणूस हरवले. शब्दावाचून चित्र किती मुके असते, ते त्या दिवशी समजले.

आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सगळा डबा आम्ही दोनदा पाहिला. त्यात आम्ही सर्व होतो. ते मात्र एकाही चित्रात नव्हते. इतक्या वर्षांत, “द्या तो कॅमेरा, आता तुम्ही उभे राहा,” असे म्हणण्याचे आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. भेडाघाटच्या चित्रातली ती सावली, एवढाच त्यांचा पुरावा आमच्या संग्रहात आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. बारा चित्रांची मर्यादा गेली. एका वाढदिवसाला शंभर चित्रे निघतात. मी त्याला नावे ठेवणार नाही. नातवाचा पहिला पाऊल टाकतानाचा क्षण दूरच्या आजीला त्याच घटकेला पाहावयास मिळतो, हे सुख लहान नव्हे. माझे गाऱ्हाणे एवढेच की शंभर चित्रांपैकी एकाखालीही आपण नाव लिहीत नाही. पन्नास वर्षांनी ती चित्रे पाहणारा पुन्हा विचारील, “या बाई कोण?”

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तीन लहान मागण्या आपल्यापुढे ठेवतो. पहिली: घरातल्या वडील माणसाला जे पाठ आहे, ओवी, आरती, अंगाईगीत, उखाणा, ते या महिन्यातच लिहून घ्या, मोबाइलवर आवाज घ्या, पण लिहूनही घ्या. दिवाळीची वाट पाहू नका. दुसरी: घरातल्या जुन्या छायाचित्रांमागे हलक्या हाताने, मऊ पेन्सिलीने, नावे आणि गाव लिहा. तिसरी: मंडळाचे हस्तलिखित पुन्हा सुरू करू या. प्रत एकच असू द्या. अक्षर वाईट असले तरी चालेल, ‘ळ’ चुकला तरी चालेल. ज्याला लिहावयाचे नाही त्याने वाचून समासात दोन शब्द लिहावेत. तेही काम तितकेच मोलाचे आहे.

समारंभ संपल्यावर आपणा सर्वांचे एकत्रित छायाचित्र घेतले जाणार आहे. आपल्या मंडळातला एक तरुण ते घेणार आहे. त्याने एक चित्र घेतले की आपल्यापैकी कोणीतरी पुढे व्हा, त्याच्या हातातला कॅमेरा घ्या, आणि त्याला मधोमध आणून उभा करा. मग दुसरे चित्र घ्या. स्मरणिकेत ते दुसरे छापावे आणि खाली सर्वांची नावे द्यावीत, अशी संपादकांना माझी नम्र विनंती आहे.