तिसरी पिन कापू नका

श्रोतेहो, गाडी ठेवायच्या शेडमध्ये किंवा पडवीत तुम्ही एक बोर्ड बसवून घेतलेला असतो. गाडी धुवायचा पंप, ग्राइंडर, ड्रिल मशीन, सगळं त्याच्यावरच चालतं. त्या बोर्डातल्या वरच्या मोठ्या भोकाबद्दल मला आज बोलायचं आहे.

त्यात जाणारी पिन बाकीच्या दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब असते. जाड, म्हणजे चुकून दुसऱ्या भोकात जायला नको. लांब, म्हणजे प्लग लावताना ती सर्वांत आधी टेकते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. वीज मशीनमध्ये पोचायच्या आधी अर्थिंग हजर! इतक्या विचाराने केलेली ही पिन, आणि आपण सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती पकडीने कापून टाकतो. नाहीतर प्लगच काढून उघड्या वायरी भोकात खुपसतो आणि काडेपेटीच्या काड्या ठोकतो. वायरिंगच्या कामात माझं आयुष्य गेलं, अशा काड्या मी किती उपसल्या असतील!

घरामागचा शोषखड्डा आठवा. मोरीचं पाणी पाइपातून तिथे जातं आणि जमिनीत मुरतं. पाइप तुंबला तर पाणी घरात शिरतं. मशीनच्या आत वायरीचं आवरण झिजलं, करंट पत्र्यात उतरला, की त्यानेही तिसऱ्या वायरीतून जमिनीत जायचं असतं. ती वाट तुम्ही कापलीत, तर तो तुमच्या हातातून शिरून ओल्या फरशीवरच्या अनवाणी पायातून जाणार. आणि शोषखड्ड्यात दगडगोटे, तसे अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा. उन्हाळ्यात हा खड्डा सुकतो, मग करंट नीट मुरत नाही. एप्रिल-मेमध्ये त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला हवं. पण वरून फरशी घातलेली, खड्डा कुठे आहे हेच घरात कुणाला ठाऊक नसतं!

‘आमच्याकडे एमसीबी आहे,’ असं हमखास ऐकायला मिळतं. अहो, ती वायर वाचवते, माणूस नव्हे. तिचा हिशेब 16 अँपिअरचा. माणसाच्या छातीतून त्याच्या पाचशेव्या भागाहून थोडा जास्त करंट गेला तरी जीव धोक्यात येतो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. गेलेला करंट तितकाच परत आला का, हे ती सतत पाहते आणि तफावत दिसली की क्षणात वीज तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही, तर वायरमनला लगेच बोलवा.

मग अर्थिंग कशाला, असं विचारू नका. अर्थिंग असेल तर मशीनला हात लावायच्या आधीच आरसीसीबी पडते. नसेल तर करंट तुमच्या अंगातून गेल्यावर पडते. म्हणून पुन्हा सांगतो, ती पिन कापू नका. काही ड्रिलना कंपनीतूनच दोन पिना येतात, अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांना दुहेरी आवरण असतं, त्यांचं चालतं. बाकीच्यांचं नाही. आणि अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल अर्थच्या पिनेला जोडून देणारा कुणी भेटला, तर त्याला काम देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटली, तर मशीनचा पत्राच जिवंत होतो.

एक्स्टेंशनचं राहिलंच. मोठं मशीन लावताना रिळावरची सगळी वायर उलगडा, गुंडाळलेली तापते. आणि ती वायर दोन पदरी आहे की तीन, हे घेतानाच... वेळ संपल्याची खूण झाली आहे. तीन पदरीच घ्या.