कार्डावरचं वचन आणि यिर्मयाचं पत्र

मागच्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक माणूस आला. पनवेलच्या आसपास जमिनीच्या मोबदल्याचे पैसे घराघरांत आले, तेव्हापासून अशी माणसं आम्हाला नवी नाहीत. पण याने पैशाची गोष्ट काढायच्या आधी प्रत्येकीच्या हातात एक रंगीत कार्ड दिलं. त्यावर बायबलमधलं वचन होतं, यिर्मया, अध्याय 29, वचन 11. देवाने तुमच्यासाठी भल्याचंच योजलं आहे, पुढे चांगले दिवस आहेत, असा त्याचा अर्थ. ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, "ताई, ही देवाचीच योजना समजा. दोन वर्षांत पैसे दुप्पट."

आमच्यात ख्रिस्ती दोघीच. बाकी आगरी, कातकरी, मराठा. पण देव कुणाचाही असो, त्याचं नाव निघालं की आपले हात जोडले जातात. तिघींनी तिथल्या तिथे पैसे भरले. दिवाळीपासून त्या माणसाचा फोन बंद आहे.

मग आमच्यातली एक ख्रिस्ती मैत्रीण घरचं बायबल घेऊन आली. म्हणाली, "हे वचन मी लहानपणापासून भिंतीवर बघते, पण त्याच्या मागचं-पुढचं कधी वाचलंच नाही." तेव्हा आम्ही तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

ते एक पत्र आहे. इसवी सनापूर्वी 597 मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम घेतलं आणि तिथली माणसं उचलून आपल्या मुलखात नेली. बाबेल म्हणजे आजचा इराक. राजघराण्यातले गेले, तसे सुतार-लोहारही गेले. घर, शेत, मंदिर सगळं मागे राहिलं. मागे राहिलेल्या यिर्मयाने त्या उठवलेल्या लोकांना हे पत्र पाठवलं. त्यात काय सांगतो? घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. कार्डावरच्या वचनाच्या अगदी आधीचं, दहावं वचन बघा. तिथे मुदत दिली आहे सत्तर वर्षांची! म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परतणार नव्हते. ते चांगले दिवस नातवंडांच्या वाट्याचे होते. आपल्या मराठीत 'तुम्ही' एकालाही म्हणतात आणि अनेकांनाही. मूळ हिब्रूत मात्र तिथे अनेकवचन आहे. एका माणसाच्या नशिबाची ती गोष्टच नाही.

त्याच्या आधीच्या, 28व्या अध्यायात हनन्या नावाचा एक जण भेटतो. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून फिरत असे, हे ओझं आता वाहावं लागणार म्हणून. हनन्याने चारचौघांत ते जू मोडलं आणि देवाचं नाव घेऊन सांगून टाकलं की दोन वर्षांत सगळे परत येतील. दोन वर्षं! आकडा ऐकून आम्हाला आधी हसू आलं. पैसे गेलेल्या तिघी मात्र हसल्या नाहीत.

वचन खोटं नाही हो. उठवलेल्या माणसाला धीर देणारंच आहे ते. विमानतळासाठी आपल्या तालुक्यातली गावं उठली, त्या गावच्या बायकांना हे पत्र वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आणि यिर्मया ज्या यहुदी लोकांचा, त्यांचे भाऊबंद तर आपल्या शेजारचेच. त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं बेने इस्राएल लोक सांगत आले. इथे त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली झाले. गावांची नावं लावून पेणकर, रोहेकर झाले, घरात मराठी बोलू लागले. पनवेलचं त्यांचं बेथ एल प्रार्थनामंदिर 1849चं आहे. 1948 नंतर बरेच जण इस्राएलला गेले, पण तोवर कोकणात त्यांच्या किती पिढ्या नांदून गेल्या!

राहता राहिला पैशाचा प्रश्न. यिर्मयाने स्वतःचा पैसा कशात घातला, तेही 32व्या अध्यायात सापडलं. शहराला शत्रूचा वेढा पडलेला असताना त्याने चुलतभावाकडून अनाथोथ गावातलं शेत विकत घेतलं. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून दिली, खरेदीखत लिहिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, मोहोर लावली. मग खताच्या दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितल्या, पुष्कळ वर्षं टिकाव्यात म्हणून.

हे वाचल्यावर आम्ही ते रंगीत कार्ड पुन्हा काढून उलटं करून पाहिलं. मागे पत्तासुद्धा नव्हता.