पेओला

एखादं गाणं रेडिओवर दिवसातून चार-पाचदा ऐकलं की आपण म्हणतो, सध्या हे फार चाललंय. पण ते चालावं म्हणून कुणी पैसे मोजले असतील तर? अमेरिकेतल्या संगीतव्यवसायात या लाचेला ‘पेओला’ म्हणतात. ‘पे’ म्हणजे पैसे देणं, आणि ‘ओला’ हे शेपूट पियानोला, व्हिक्ट्रोला अशा वाद्ययंत्रांच्या नावांतून आलेलं. १९३०च्या दशकात हा शब्द तिथल्या ‘व्हरायटी’ साप्ताहिकात दिसू लागला. प्रथा मात्र रेडिओच्याही आधीची. तेव्हा गाण्यांचे प्रकाशक रंगमंचावरच्या गायकांचे हात ओले करत; पुढे पाकिटं रेडिओवर गाणी वाजवणाऱ्या डिस्क जॉकींकडे जाऊ लागली.

पाकिटात दर वेळी नोटाच असत असं नाही. १९५५ साली शिकागोच्या चेस कंपनीनं चक बेरीचं ‘मेबलीन’ काढलं. गाणं बेरीचं, पण गीतकार म्हणून आणखी दोन नावं लागली. त्यातलं एक अ‍ॅलन फ्रीडचं. हा न्यूयॉर्कचा गाजलेला डिस्क जॉकी, ‘रॉक अँड रोल’ हे नाव घरोघरी पोचवणारा. रॉयल्टीत वाटा मिळाल्यावर गाणं जितकं वाजेल तितका त्याचाच फायदा. मला हा प्रकार रोख लाचेपेक्षा वाईट वाटतो. यात श्रोता तर फसतोच, शिवाय कलावंताच्या कष्टात भलताच वाटेकरी घुसतो. बेरीला पूर्ण श्रेय परत मिळायला १९८६ साल उजाडलं.

१९५९मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीनं हे प्रकरण हाती घेतलं. लाच घेतली नाही असं लिहून द्यायला फ्रीडनं नकार दिला आणि त्याची नोकरी गेली. १९६२ साली त्यानं गुन्हा कबूल केला. दंड झाला ३०० डॉलर. १९६५मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. त्याच चौकशीला सामोरा गेलेला टीव्हीवरचा निवेदक डिक क्लार्क यानं मात्र संगीत कंपन्यांतले आपले हिस्से विकले आणि तो तरला.

१९६०च्या कायद्यानं नेमकं दुखणं पकडलं. पैसे घेऊन गाणं वाजवायला मनाई नाही, पण ते श्रोत्यांना सांगितलंच पाहिजे. लपवलं तर गुन्हा. १०,००० डॉलरपर्यंत दंड, वर्षभरापर्यंत कैद. मला हे पटतं, कारण श्रोता गाण्यावर विश्वास टाकतो तो निवेदकाच्या आवडीवर विसंबून.

तरीही २००५ साली न्यूयॉर्क राज्याच्या चौकशीनंतर सोनी बीएमजीला एक कोटी डॉलर भरावे लागले. रेडिओवाल्यांना सहली, महागड्या वस्तू दिल्या जात होत्या. त्यातल्या काही लाचा तर श्रोत्यांच्या स्पर्धेची बक्षिसं म्हणून दाखवल्या होत्या.